मार्लिसचं डोकं आणि वरचा मजला

२६ ऑक्टोबर, रविवार

घरात ५९ अंश. (फॅरेनहाइट. सेल्सिअस कॅनडावाल्यांना लखलाभ.) मार्लिस कोट घालून ओटमील ढवळत होती. मी तिकडे पाहिलंच नाही. एक नोव्हेंबरच्या आत फर्नेस (घर गरम करायची तळघरातली गॅसभट्टी) लावायची नाही हा नियम आहे. माझा नव्हे, धान्याच्या कोठारावर आम्ही म्हातारे कॉफीला जमतो त्या टेबलाचा. जो आधी लावेल त्याने वर्षभर वाकड्या चमच्याने साखर ढवळायची. गेल्या वर्षी ग्लेन हौगेनने एकोणतीसलाच लावली. म्हणे नातवंडं आली होती. नातवंडांना स्वेटर नसतात का?

कुत्रा मार्लिसच्या पायावर बसून होता. स्किपर बारा वर्षांचा आहे, लाडावलाय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मार्लिसने पुन्हा तोच विषय काढला. तिची बहीण आर्डिस राहते तिथे एक फ्लॅट रिकामा झालाय. सगळं एका मजल्यावर, जिना नाही, बर्फ काढायला दुसरी माणसं. मार्लिस म्हणाली की मी एकोणसत्तर वर्षांची आहे, वरच्या खोलीत गोधड्या शिवताना बोटं आखडतात, झोपायला टोपी घालावी लागते, आणि अडतीस वर्षं तू म्हणतोयस पुढच्या वर्षी वरचा मजला गरम करतो.

मी शांतपणे ऐकून घेतलं. फ्लॅटमध्ये तळघर नसतं. तळघर नसेल तर मी दिवसभर करायचं काय? आर्डिसचं तोंड बघायचं?

मग मी अट घातली. एक हिवाळा. वर ६८, खाली ६८, थेट ईस्टरपर्यंत. जमलं तर घर सोडायचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर मी मुकाट्याने सही करतो. मार्लिसने भांडी घासता घासता हात पुसला आणि माझ्या हातात दिला. मार्लिस बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई कधी शब्द फिरवत नाही. हाच तिचा कच्चा दुवा.

आजपासून या वहीत रोज नोंद. शास्त्रीय पद्धतीने.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.००

तळघरात जाऊन नेहमीप्रमाणे टोपी बाकाच्या वरच्या लोखंडी दांड्याला अडकवली आणि फर्नेस लावली. गॅस पेटला. वर गरम हवा जाऊ लागली. मार्लिसने कोट काढला.

सकाळी ६.१०

बंद पडली.

सकाळी ६.२५

लागली. बंद पडली. मार्लिसने कोट घातला.

मार्लिस म्हणाली जोडीला बोलाव. जोडी ब्रेक्के म्हणजे गावातली फर्नेसवाली. रविवारच्या शाळेत मार्लिसच्या हाताखाली शिकलेली पोर, आता स्वतःची व्हॅन आहे. हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण मी एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या पार्ट्सच्या काउंटरवर उभा होतो. लोक यायचे, तोंडाने आवाज काढून दाखवायचे, खड्डर्र खट, आणि मी मागे वळून नेमका पार्ट काढून द्यायचो. दुरुस्ती ते लोक करायचे, पण रोग कोणी ओळखला? मी.

मार्लिस म्हणाली की अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. आमच्याकडे बैल नाही हे मी निदर्शनास आणलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विजय! फर्नेसमध्ये एक बारीक दांडी असते, ती जाळावर नजर ठेवते. तिच्यावर काजळी होती. मार्लिसच्या भांडी घासायच्या चोथ्याने घासली. आता फर्नेस अखंड चालते. लागला वेळ: चार दिवस, त्यातले साडेतीन दिवस ती दांडी शोधण्यात. (दांडी पुसायला हवी, असं जोडी सप्टेंबरात चर्चच्या कॉफीला म्हणाली होती. आणि उत्तरेच्या भिंतीतून बाहेर आलेल्या दोन पांढऱ्या नळ्यांवर बर्फ चढू देऊ नका, असंही. दांडीचा शोध मात्र मी स्वतंत्रपणे लावला.)

टेबलावर जाहीर केलं की ईस्टरपर्यंत माझ्या तळघरात परक्याचा पाय पडणार नाही. ग्लेन म्हणाला की आर्विड, तुझाच पडला नाही तरी घर बरं चालेल. जळतो.

९ नोव्हेंबर, रविवार

खाली ७४, वर ६१. म्हणजे गरम हवा आळशी आहे. पायऱ्या चढायला नको तिला. उपाय साधा: खालच्या मजल्याच्या जमिनीतल्या गरम हवेच्या सगळ्या जाळ्या बंद केल्या. आता जाशील कुठे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

खाली ५८, वर ६२. स्वयंपाकघरात लोणी कापताना सुरी वाकली. मार्लिस म्हणाली की आधी अर्धं घर तरी गरम होतं. मी म्हणालो संक्रमणाचा काळ आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खिडक्यांना आतून प्लॅस्टिक लावलं. दारांच्या फटींत टॉवेल, चावीच्या भोकात कापूस. विजेच्या बटणांभोवतीसुद्धा चिकटपट्टी. घर आता डब्यासारखं बंद आहे. बाहेरची एक झुळूक आत येणार नाही, आतली बाहेर जाणार नाही. मार्लिसला अंघोळीला टॉवेल मिळाला नाही त्यावरून बोलणी खाल्ली.

वर ६४.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टेबलावर ग्लेनने विचारलं वर किती? मी ६८ सांगितलं. हे खोटं नाही. उष्णता वर जाते, तेव्हा मोजायचं तेही वर. थर्मामीटर कपाटाच्या डोक्यावर दिव्याशेजारी ठेवला की ६८ येतं.

मार्लिसने तो उचलून पलंगावर ठेवला. ६३. तिला शास्त्र कळत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

आर्डिस जेवायला आली. कोट काढला नाही, हातमोजेही नाही, हातमोज्यांनी काटा धरून टर्की खाल्ली. मला म्हणाली की आर्विड, पुढच्या वर्षी टर्की बाहेर ठेव, ओव्हनमध्ये मी बसते. मार्लिस हसली. त्यांच्या फ्लॅटात आर्डिस बाही नसलेला ब्लाउज घालून फिरते म्हणे. नोव्हेंबरात! वयाला शोभतं का?

जाताना दोघी बहिणी दारात कुजबुजत होत्या. मला ऐकू आलं तेवढं: ईस्टरपर्यंत. शब्द दिलाय गं मी.

मन जरा खट्टू झालं. अडतीस वर्षांत ही बाई या घराला कधी नावं ठेवत नव्हती. की ठेवत होती आणि मी तळघरात होतो?

३० नोव्हेंबर, रविवार

चौदा इंच बर्फ! देव माझ्या बाजूने आहे.

आजोबांची युक्ती आठवली. शेतावरच्या घराला दर हिवाळ्यात पेंढ्याच्या गठड्या लावायचे आणि वर खिडकीपर्यंत बर्फ लोटायचे. बर्फ म्हणजे फुकटची रजई. आजोबा ब्याण्णव वर्षं जगले. चर्च बुडवलं, पण काम ते काम. ग्लेनच्या शेतावरून बावीस गठड्या आणल्या, घराभोवती रचल्या, वर फावड्याने बर्फ लोटून थोपटला, मग बादलीने पाणी मारून गोठवला. भिंत अशी झाली की ट्रॅक्टर आपटला तरी ट्रॅक्टर फुटेल.

उत्तरेच्या बाजूला मोठा शोध लागला. त्या दोन पांढऱ्या नळ्या! एक सतत थंड हवा आत ओढते. दुसरी गरम, दमट हवा बाहेर टाकते. म्हणजे एकीकडे मी फटींत कापूस कोंबतोय आणि दुसरीकडे माझ्याच पैशाची ऊब हरणांना वाटली जातेय. वरचा मजला का तापत नाही, आता कळलं! दोन्ही नळ्यांपुढे गठडी दाबून बसवली. वर बर्फ.

मार्लिस वरच्या खिडकीतून ओरडली की आजोबांच्या घरात लाकडाची शेगडी होती, धुराडं छपरातून जायचं, आणि भिंतींतून वारा शिट्टी वाजवत यायचा, त्याचं काय? मी ऐकू आलं नाही असं केलं. कानटोपी होती.

१ डिसेंबर, सोमवार

फर्नेस बंद. दाराआड एक लाल दिवा असतो, तो तीनदा लुकलुकतो, थांबतो, तीनदा लुकलुकतो. झाकणाच्या आत कागद चिकटवलाय. तीन लुकलुक: नळ्या तुंबल्या आहेत, किंवा हवेचा स्विच बिघडला आहे.

नळ्या तुंबलेल्या नाहीत. त्या मी फक्त झाकल्यात. तेव्हा स्विच बिघडलाय. एकतीस वर्षांचा अनुभव सांगतो, दहातल्या नऊ वेळा दोष स्विचचाच असतो. गिऱ्हाईक शहाणं असेल तर स्विच न बदलता त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून त्याला रजा देतं आणि घरी जातं.

रजा दिली. फर्नेस लागली! थांबतच नाही!

टोपी दांड्यावरून काढून हवेत उडवली. मग परत अडकवली.

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.००

वर ६८! पलंगावर, कपाटावर, मार्लिसच्या शिवणयंत्रावर, सगळीकडे ६८! खालच्या जाळ्या उघडल्या, खालीही ६८! लाल पेनाने लिहितोय.

मार्लिसला म्हणालो हातच्या काकणाला आरसा कशाला, बघ स्वतः. ती कोट काढून पलंगावर बसली. छान आहे म्हणाली. मग म्हणाली डोकं ठणकतंय.

इतक्या वर्षांनी ऊब लाभली की असं होणारच. सवय नाही.

आजपासून पद्धतशीर नोंद:

३ डिसें. वर ६८. खाली ६८. मार्लिसचं डोकं: दुखतंय. कारण: ऊब.

५ डिसेंबर, शुक्रवार

वर ६८. खाली ६९. मार्लिसचं डोकं: दुखतंय. कारण: आर्डिसचा फोन (४० मिनिटं).

खिडक्यांच्या प्लॅस्टिकवर आतून पाणी ओघळतंय. घर इतकं घट्ट बंद झालंय की घामाघूम झालंय. यशाचं लक्षण.

स्किपर घरात यायला तयार नाही. बाहेरच्या बंद ओसरीवर, जिथे शून्याखाली पाच आहे, तिथे जुन्या पोत्यावर पडून राहतो. बिस्किट दाखवलं तर दारापर्यंत येतो, वास घेतो, मागे फिरतो. म्हाताऱ्या कुत्र्याला गरम घर नको! बारा वर्षं ज्यासाठी रडला ते मिळालं तर नखरे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी न्याहारीच्या वेळी वरच्या मजल्यावरची पांढरी चकती वाजायला लागली. विषारी हवेची सूचना देणारी. चारदा पीं, थांबते, चारदा पीं. बॅटरी बदलली. चारदा पीं. दुसरी नवी बॅटरी. चारदा पीं. डोक्यात खिळे मारल्यासारखं होत होतं.

मागे लिहिलंय: सात वर्षांनी बदलावी. नऊ झाली आहेत. म्हणजे वेड लागलंय तिला. गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. गॅरेजात नेल्याबरोबर गप्प! बघा, थंडीत डोकं ठिकाणावर आलं.

मार्लिसने तिचं पुस्तक शोधून काढलं. त्यात म्हणे लिहिलंय की वाजली तर घराबाहेर पडा आणि मदत बोलवा. मी तिला समजावलं की असलं लिखाण वकील करतात. ती पुस्तक हातात धरून बराच वेळ जिन्यावर बसून राहिली. मग विचारलं की आर्विड, तू खात्रीने सांगतोयस ना? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली आहे.

वर ६८. खाली ६८. मार्लिसचं डोकं: दुखतंय. कारण: पीं पीं.

७ डिसेंबर, रविवार

वर ६८. खाली ६८. मार्लिसचं डोकं: सकाळी दुखत होतं. चर्चमध्ये थांबलं! कॉफीच्या वेळी हसत होती, शनिवारी चर्चमध्ये लाटायच्या लेफ्सेसाठी (नाताळाच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या) बटाटे किती उकडायचे ते ठरवत होती. दोनशे पोळ्या, पंधरा बायका, आणि लाटणं मार्लिसच्या हातात. चाळीस वर्षांत तिचा एक खाडा नाही. पीठ ती हात लावेपर्यंत झाकून ठेवतात.

घरी आल्यावर तासाभरात पुन्हा दुखायला लागलं. कारण: प्रवचनाचा असर उतरला.

जोडी ब्रेक्के भेटली. फर्नेस कशी चाललीये म्हणून विचारलं. अव्वल, मी म्हणालो. नळ्यांवरचा बर्फ काढताय ना? काढतोय. मग तिने मार्लिसकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली की बाई, तुमचे गाल फार लाल दिसताहेत, बरं आहे ना? मी उद्या उभ्या उभ्या येऊन बघून जाते, पैसे नको. मी हसत हसत सांगितलं की ईस्टरपर्यंत तळघरात परक्याला बंदी आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे. जोडी हसली नाही. मार्लिसकडे बघत राहिली. मार्लिस कपाकडे बघत होती. शब्द दिलाय ना.

गाडीत मार्लिसने विचारलं की नळ्या तू बघितल्यास ना? हो, म्हणालो. बघितल्या होत्या. तीस नोव्हेंबरला.

१० डिसेंबर, बुधवार

वर ६९. खाली ६९. मार्लिसचं डोकं: दुखतंय. कारण: माहीत नाही, हवामान असावं.

माझंही जरासं. कारण: ग्लेनच्या हातची कॉफी.

मार्लिसने आज सूपमध्ये साखर घातली. मग शिवायला बसली आणि अर्ध्या तासाने म्हणाली, माझ्या बहिणीचं नाव काय रे? मी पोट धरून हसलो. म्हणालो नशीबवान आहेस, मला ते विसरायला अडतीस वर्षं जमलं नाही. ती हसली नाही. आर्डिस, म्हणाली, आर्डिस, आर्डिस, असं दोन-तीनदा. जरा विचित्र वाटलं ते ऐकायला.

टेबलावर सांगितलं की वर ६९. ग्लेनने स्वतःहून वाकडा चमचा उचलला. हा दिवस सोन्याचा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा नऊ इंच बर्फ. भिंत अजून जाड झाली. बाहेरून घर दिसतच नाही, दार आणि वरच्या खिडक्या तेवढ्या.

वर ६८. खाली ६९. मार्लिसचं डोकं: दुखतंय. उलटी दोनदा. कारण: काल रात्रीचा मासा. (मलाही मळमळ. तोच मासा.)

जिना चढताना माझे गुडघे पाण्यासारखे झाले. मध्येच बसलो. जिना नको म्हणते त्यात थोडं तथ्य असावं.

मार्लिसने उद्यासाठी लाटणं धुऊन, पोळ्या उलटायची लांब चपटी काठी पुसून, दोन्ही दाराशी उभी करून ठेवलीत. एवढं करून दमली. दुपारीच आडवी झाली. म्हणाली की आर्विड, मला उद्या आठला उठव, काही झालं तरी उठव.

उठवीनच.

१३ डिसेंबर, शनिवार. ७.४०

वर ६८. खाली ६९. वर ६८.

मार्लिस उठत नाही. गाल छान गुलाबी. झोपू दे जरा. उबेत झोप लागते.

८.०० ला उठवायचं.

मी खुर्चीत बसलोय. पेन जड आहे. स्किपर ओसरीवर भुंकतोय, कोणावर भुंकतोय. गप रे.

७.४०

वर ६८. लिहिलं का हे. वर ६८. जमलं. दोन्ही मजले. सांगायला हवं मार्लिसला जमलं ते

८ ला उठवायच

१८ डिसेंबर, गुरुवार. आर्डिसच्या फ्लॅटवर

हॉस्पिटलातून मला काल सोडलं, मार्लिसला अजून नाही. पुढचं मला सांगण्यात आलंय, मला काही आठवत नाही.

शनिवारी नऊला चर्चमध्ये बायका जमल्या. पीठ झाकलेलं. सव्वानऊ झाले. फोन उचलत नाहीत. एक म्हणाली उशीर झाला असेल. जोडीही लाटायला आली होती, ती म्हणाली मार्लिसबाईंना चाळीस वर्षांत उशीर झालेला नाही, आणि पिठाच्या हातांनीच व्हॅन काढली. आमच्या अंगणात पोचली तर कुत्रा ओसरीवर घसा फुटेस्तोवर भुंकतोय, आणि उत्तरेच्या भिंतीला नळ्याच नाहीत, नुसता बर्फ. ती दार वाजवत बसली नाही. दाराजवळच्या काचेत फावडं घातलं. (ती काच जुन्या मापाची आहे, आता मिळत नाही.) आधी मार्लिसला ओढत बाहेर आणलं, मग मला.

आधी मार्लिसला. बरोबर केलं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई होती. मला शुद्ध आल्यावर तिने विचारलं की पत्नीची डोकेदुखी साधारण कधीपासून? तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणालो, थांबा, साधारण कशाला, माझ्याकडे रोजची नोंद आहे. जरा अभिमानच वाटला. आर्डिसने घरातून वही आणून दिली.

डॉक्टरीणबाईने पहिल्या पानापासून वाचली. मध्ये एकदा हसली. मग हसली नाही. एकेक पान सावकाश उलटत होती. शेवटच्या पानाशी आल्यावर वही मिटली, माझ्या उशाशी ठेवली आणि बाहेर गेली. तिने टीका केली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर, सोमवार

मार्लिसलाही सोडलं, आर्डिसकडेच आली आणि वही मागितली. ही वही मी माझ्यासाठी लिहितो, दुसऱ्या कोणी वाचायची नाही. पण दिली.

चष्मा लावून वाचली. उजव्या हाताची बोटं थरथरतात, म्हणून पानं आर्डिसने उलटली. बोटं सुधारतील, किंवा नाही, वसंतात कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. शिवण सध्या नाही.

वाचून झाल्यावर मला म्हणाली, ओरडून नाही, अगदी हळू, की आर्विड, तुला रोज दिसत होतं. तू लिहून ठेवत होतास.

मी म्हणालो की शास्त्रीय पद्धतीने. मग बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो आणि रडलो, कबूल करतो.

२९ डिसेंबर, सोमवार

जोडीने फर्नेस पाहिली. मी शेजारी उभा. परक्याचा पाय तळघरात पडला.

गठड्या काढल्या, फर्नेसचा विषारी वायू घराबाहेर नेणाऱ्या नळ्या मोकळ्या केल्या. तार काढली. स्विच तपासला. स्विच उत्तम आहे. वरची पांढरी चकती गॅरेजातून आणून तपासली. चकतीही उत्तम होती.

मग तिने छताकडे पाहिलं आणि विचारलं की ही टोपी कोणाची? माझी, म्हणालो. कधीपासून इथे अडकवता? अडतीस वर्षं. तिने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तो लोखंडी दांडा बोटाने वर ढकलला. त्या दांड्याखाली गरम हवेच्या नळाच्या पत्र्यावर पेन्सिलने लिहिलेलं होतं: वरचा मजला. खाली वळला की बंद, वर केला की उघडा. टोपीच्या वजनाने तो खालीच राहायचा.

दीड तासाने वर ६८. खाली ६८. प्लॅस्टिक काढलेलं, टॉवेल काढलेले, गठड्या काढलेल्या. फर्नेस मध्ये मध्ये विश्रांती घेत होती. तिला दम लागत नव्हता.

जोडीने व्हॅनमध्ये चढताना एवढंच म्हटलं की बाईंना सांगा, पीठ आम्ही टाकून दिलं. कोणी लाटलं नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

धावत आर्डिसकडे जाऊन मार्लिसला सांगितलं. वर ६८, खरंखुरं! ईस्टरपर्यंत सहज टिकेल, आता काही धोका नाही, जोडीने लिहून दिलंय, नव्या चकत्या तीन ठिकाणी लावल्यात. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर गोधडीचा अर्धा तुकडा, सुई न लावलेला.

मार्लिस म्हणाली, दोन्ही मजले अडुसष्ट? हो. खरंच? खरंच. मग तू जिंकलास आर्विड, म्हणाली. शब्द म्हणजे शब्द. घर विकू नकोस. जा, राहा तिथे.

मी म्हणालो, आणि तू?

ती म्हणाली, मी घर सोडायचं नाव काढणार नाही एवढंच बोलले होते. नाव नाही काढलं मी.

स्किपर तिच्या पायावर झोपला होता. उठला नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

घरी एकटा. वर गेलो, खाली आलो. कोट काढून फिरलो. दोन मजले, अडुसष्ट अंश, एक माणूस. टोपी कुठे अडकवावी कळेना, हातातच धरून बसलो.

टेबलावर गेलो नाही. ग्लेन येऊन गेला. वाकडा चमचा खिशातून काढून माझ्यासमोर ठेवायला लागला, मग परत खिशात घातला. बर्फ पडेल म्हणतात, म्हणाला.

१९ जानेवारी, सोमवार. फ्लॅटवर

घर विकायच्या कागदावर सही केली. घर गेलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मीच पेटी घेऊन आलो आणि दारात विचारलं येऊ का. मार्लिसने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, बूट बाहेर काढ.

तापमान ७१. वरचा मजला नाही.

मार्लिसचं डोकं: सकाळी विचारलं. थोडं दुखतंय म्हणाली. कारण: मी.